कारवीचा डोंगर आणि गॅरेजमधली ‘चिचुंद्री’

या महिन्याच्या टपालात दोन पत्रं अशी आली की एकाला उत्तर लिहायला घेतलं आणि त्यातलं निम्मं दुसऱ्याच्याच कामाचं निघालं. एक अकोले तालुक्यातलं, दुसरं थेट ब्रिस्बेनचं. म्हणून या वेळी दोन्ही पत्रं एकत्र घेते. शेवटी एका विद्यार्थिनीचा छोटा प्रश्न आहे, तोही याच धाग्यातला.

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी अकोले तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. यंदा आमच्या शाळेमागचा डोंगर कारवीने जांभळा झाला होता. मुलांना घेऊन गेलो आणि सांगितलं, की कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. तेव्हा चौथीतल्या एका मुलीने विचारलं, “गुरुजी, असा एखादा प्राणी पण असतो का?” मी रेशमाच्या किड्याचं सांगितलं. ती म्हणाली, “किडा नाही, अंगावर केस असलेला.” मला उत्तर देता आलं नाही. काय सांगू?

प्रश्न : बाई, मी नाशिकची, सध्या मुलाकडे ब्रिस्बेनला आले आहे. यांचं घर रानाला लागून आहे. सप्टेंबरात पंधरा दिवसांत गॅरेजमध्ये आणि मागच्या अंगणात तीन मेलेले उंदीर सापडले. उंदीर म्हणते, पण तोंड चिचुंद्रीसारखं निमुळतं, डोकं राखी, मागचा भाग तांबूस, पाय पिवळट आणि डोळ्याभोवती फिकट कडं. एकाच्या पाठीवरचे केस गेलेले होते, कातडी दिसत होती. मुलगा म्हणतो कुणीतरी विष घातलं असेल. सून म्हणते, हा इथला अँटिकायनस, याचे नर पिल्लांची वेळ आली की मरतात, पिल्लांना खायला किडे उरावेत म्हणून जीव देतात. हे खरं का? मला तर रात्री झोप लागली नाही. देवाने बिचाऱ्याला असं का घडवलं?

उत्तर : गुरुजी, आधी त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. सदतीस वर्षं मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं, कारवीवर किती बोलले असेन, पण हा प्रश्न मला एकाही वर्गात कुणी विचारला नाही. तिला सांगा, असा प्राणी आहे. त्याच्या अंगावर मऊ केस आहेत, आकार उंदराएवढा आहे, आणि वरच्या पत्रात नाशिकच्या ताईंनी त्याचंच वर्णन केलं आहे.

ताई, सुनेने नाव अगदी बरोबर ओळखलं. तुम्ही पाय, डोकं आणि डोळ्याभोवतीचं कडं इतकं नेमकं लिहिलंत की हा पिवळ्या पायांचा अँटिकायनस, याबद्दल मला शंका उरली नाही. त्या बाजूला तो घराघरांत शिरतो. दिसायला उंदीर, पण उंदराशी त्याचं नातं नाही. उंदराचे पुढचे दात कुरतडण्याचे असतात, याचे बारीक आणि टोकदार, किडे आणि कोळी फोडायला. नातं आहे ते कांगारूच्या गोतावळ्याशी. मादीला कांगारूसारखी खोल पिशवी नसते, पोटावर स्तनांभोवती कातडीची नुसती घडी असते, आणि तांदळाच्या कणीएवढी पिल्लं तिथे स्तनाला चिकटून पाचेक आठवडे लोंबत वाढतात. जितकी स्तनाग्रं तितकीच पिल्लं जगतात. पूर्व ऑस्ट्रेलियात आणि टास्मानियात याच्या डझनाहून जास्त जाती आहेत आणि नराची कहाणी सगळीकडे सारखीच आहे.

तेव्हा विषाचा संशय मनातून काढून टाका. हिवाळ्याच्या शेवटी, म्हणजे तिकडच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास, एका जागच्या साऱ्या माद्या दोन-तीन आठवड्यांच्या आत माजावर येतात. दिवस किती वेगाने मोठा होतो आहे, यावर त्यांच्या शरीराचं घड्याळ चालतं, म्हणून एका रानातल्या माद्यांची वेळ दर वर्षी जवळपास तीच. त्याआधीच नराच्या शरीरात नवे शुक्राणू तयार होणं बंद पडलेलं असतं. जे साठलेलं आहे तेवढंच. पुन्हा भरायची सोय नाही. मग तो खाणंपिणं जवळजवळ सोडतो, झोप कमी करतो आणि एकामागून एक मादी शोधत फिरतो. एकेक समागम बारा-चौदा तासांपर्यंत चालू शकतो.

एवढी ताकद येते कुठून? स्वतःच्या स्नायूंतून. ताणाच्या वेळी बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवतं, तुमच्या-माझ्याही. ते स्नायूंतली प्रथिनं मोडून साखर करतं आणि अंगात बळ आणतं. एरवी रक्तातलं एक प्रथिन या कॉर्टिसॉलला बांधून ठेवतं आणि प्रमाण वाढलं की मेंदू त्याचा नळ बंद करतो. अँटिकायनसच्या नरात या दिवसांत पुरुष-संप्रेरक इतकं वाढलेलं असतं की ते बांधून ठेवणारं प्रथिन कमी पडतं, आणि नळही बंद होत नाही. मोकळं कॉर्टिसॉल अंगभर फिरत राहतं. जठरात व्रण पडून रक्तस्राव होतो, रोगप्रतिकारशक्ती ढासळते, गोचिडांसारखे परजीवी आणि जंतू माततात, केस झडतात. तुम्ही पाहिलीत ती उघडी कातडी त्याचीच. तो नर वयाने जेमतेम साडेअकरा महिन्यांचा असतो. त्याचा पहिला वाढदिवससुद्धा होत नाही.

काही दिवसांत त्या रानातले सगळे नर संपतात, एकूण एक. पुढचे काही आठवडे तिथे फक्त गाभण माद्या असतात, आणि त्या जातीतला त्या रानातला प्रत्येक नर अजून आईच्या पोटात असतो. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिले होते, कारण मला आमचा बोरिवलीचा डोंगर आठवला.

गुरुजी, तुमच्याकडे सात वर्षांचा हिशेब सांगतात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मात्र कारवीचे बहर आठ वर्षांच्या अंतराने आले : 2008, 2016 आणि 2024. तिन्ही मी पाहिले. 2008 साली मी एक्कावन्न वर्षांची होते आणि दुसऱ्या वर्षाची मुलं घेऊन कान्हेरीच्या बाजूला चढले होते. कारवी लांबून सगळेच पाहतात, जांभळा डोंगर म्हणतात आणि फोटो काढतात. ती जवळून पाहायला हवी. कणसासारखा फुलोरा, त्यावर चिकट केस, हात लावला की बोटं चिकटतात आणि उग्र वास दिवसभर जात नाही. मुली नाक मुरडत होत्या. नरसाळ्यासारखं निळं-जांभळं फूल, आणि त्या आख्ख्या उतारावर मधमाश्यांचा एकच घुमारा, इतका की मला ओरडून शिकवावं लागत होतं.

पण खरी कारवी मला कळली ती पुढच्या वर्षी. मे महिन्यात तोच उतार वाळून खडंग झाला होता. उभ्या काठ्या, त्यांवर सुकी बोंडं. पहिला पाऊस पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, तर सगळीकडून तट्‌ तट्‌ आवाज. बोंडाला ओल लागली की ते तडकतं आणि आतल्या बिया दूर भिरकावतं. घरात अबोली असेल तर तिच्या वाळक्या बोंडावर पाण्याचा थेंब टाकून पाहा, तसंच होतं. दोघी एकाच कुळातल्या आहेत, अडुळसा आणि कोरांटीही त्याच कुळातल्या. त्या सकाळी डोंगरावर कारवीचं एकही जिवंत झुडूप नव्हतं. पुढचा सगळा डोंगर त्या बियांत होता.

म्हणून ब्रिस्बेनच्या रानातले पोटातले नर वाचून मला बोरिवली आठवली.

आता दोघांची तुलना करू. कारवीचं झुडूप सात-आठ वर्षं दर पावसाळ्यात पानं फोडतं, हिरवंगार होतं आणि पावसाळा सरला की पुन्हा नुसत्या काड्या. फूल नाही. त्या सगळ्या वर्षांची शिल्लक एका पावसाळ्यात फुलोऱ्यावर आणि बियांवर खर्च होते, आणि जगायला काही मागे राहत नाही. अँटिकायनसच्या नराची शिल्लक अकरा महिन्यांची, खर्च तीन आठवड्यांत. मुदत वेगळी, व्यवहार तोच. आपल्या लोकांना हे नवीन नाही. केळ एकदाच विते, मग ती कापायची आणि मुनवे लावायचे. कोकणातला भेरलीमाड शेंड्याकडून खाली एकेक फुलोरा सोडत येतो आणि शेवटचा फुलोरा झाला की वठतो. पण सस्तन प्राण्यात ही रीत फार दुर्मीळ आहे, कारण आपण सस्तन प्राणी सहसा थोडी पोरं, पुन्हा पुन्हा, असं करून जगतो.

मग असं का? कारवी आणि अँटिकायनस यांची कारणं वेगळी आहेत, आणि मला यातला हाच भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. कारवीच्या बिया एकाच पावसात रुजतात, म्हणून आख्खा डोंगर एका वयाचा असतो आणि एकदम फुलतो. अधूनमधून एखादं झुडूप भलत्याच वर्षी फुलतं. त्याच्या फुलांना परागासाठी सोबत नाही, आणि जे काही बी धरेल त्यावर किडे-पाखरं तुटून पडणार. सगळ्यांनी मिळून फुललं तर बी इतकं होतं की खाणाऱ्यांचं पोट भरून कितीतरी उरतं. मधली सात वर्षं काहीच नाही, म्हणून खाणाऱ्यांची संख्याही वाढत नाही. हा हिशेब माणसांवर कसा उलटतो ते मिझोरमला विचारा. तिथे माउताक नावाचा बांबू साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी फुलतो. 1958-59 साली फुलला तेव्हा बियांवर उंदीर बेसुमार माजले आणि बिया संपल्यावर भाताच्या शेतात शिरले. दुष्काळ पडला. लोकांना मदत पोहोचवण्यासाठी जी दुष्काळ-संघटना उभी राहिली, तिचाच पुढे मिझो नॅशनल फ्रंट झाला आणि 1966 चं बंड उभं राहिलं. शांतता करार व्हायला 1986 साल उजाडलं. एका गवताच्या फुलण्याची ही गोष्ट.

अँटिकायनसचं कारण मादीकडे आहे. पिल्लं दूध सोडतात त्याच वेळी रानात किडे भरपूर असले तरच ती जगतात, आणि किड्यांचा सुकाळ वर्षातून एकदाच, उन्हाळ्यात. म्हणून मादीचा माज एकाच ठरलेल्या पंधरवड्यात. एवढ्याशा जिवाचा नर पुढच्या वर्षीच्या त्या पंधरवड्यापर्यंत तगण्याची आशा मुळातच थोडी. शिवाय मादी अनेक नरांशी संग करते, शुक्राणू काही दिवस शरीरात साठवते, आणि एकाच वेतात वेगवेगळ्या बापांची पिल्लं होतात. ज्या नराने जास्त दिलं त्याची पिल्लं जास्त. हात राखून ठेवणारा नर मागे पडतो. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या डायना फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली हेच दाखवलं : जिथे किड्यांचा हंगाम ठरलेला आणि माजाचा काळ आखूड, तिथल्या जातींत नर हमखास मरतात.

ताई, म्हणून सुनेच्या म्हणण्यातला शेवटचा भाग तेवढा मी खोडते. पिल्लांना किडे उरावेत म्हणून नर मरत नाही. तो समजा मेला नाही आणि दुसऱ्याच्या पिल्लांचे किडे खाऊन जगला, तर त्याचं नुकसान काय? असा आपमतलबी नर पुढच्या वर्षी पुन्हा बाप झाला असता आणि हळूहळू तसेच नर उरले असते. तो मरतो कारण त्याने सगळं खर्च केलेलं असतं. कारवीबद्दलही लोक म्हणतात की आई पिल्लांना उजेड मिळावा म्हणून बाजूला होते. रोपांना उजेड मिळतो हे खरं, पण तो झुडूप वाळल्याचा परिणाम आहे. ‘बलिदान’ हा शब्द मी वर्गात कधी वापरू दिला नाही. त्या शब्दाने झाडाकडे आणि जनावराकडे बघणं थांबतं आणि आपण आपल्याच गोष्टीकडे बघायला लागतो.

आणि एक फरक, जो तुम्हाला आई म्हणून कळेल. कारवीत मरण सगळ्या झुडपांना सारखं, कारण एकाच फुलात नर-मादी दोन्ही. अँटिकायनसमध्ये मादीला मरून चालत नाही. तिला पिल्लं वाढवायची असतात. ती थंडी सरेपर्यंत पोट सांभाळते, मग तीन महिन्यांहून जास्त काळ पिल्लांना दूध पाजते, आणि बहुतेक माद्या त्यानंतर संपतात. थोड्या दुसऱ्या वर्षीही वेत देतात. देवाने असं का घडवलं, हे मला सांगता येणार नाही. पण त्या नराच्या शरीरात काय घडलं ते वर लिहिलं आहे. तुम्ही ज्याला पाहून रात्र जागून काढलीत, तो बहुधा काही पिल्लांचा बाप झालेला होता.

प्रश्न : मॅडम, मी सांगलीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या एका जुन्या उत्तरात वाचलं की एकदाच फुलणारी झाडं ‘बियांमुळे’ मरतात. मग फुलं खुडली तर झाड जगेल का?

उत्तर : घरच्या घरी करता येईल असा प्रयोग सांगते. सोयाबीनची दहा झाडं घे. पाच झाडांच्या शेंगा लागतील तशा खुडत जा, पाच तशीच ठेव. शेंगा असलेली झाडं वेळेवर पिवळी पडून पानं गाळतील. खुडलेल्यांची पानं कितीतरी दिवस हिरवी राहतील. शेंगा भरताना झाडाला ‘आता आवर’ असा संदेश जातो. तोच शेंगांबरोबर गेला की आवरणंही लांबतं. आणि अँटिकायनसचं पाहा : हंगामाआधी खच्ची केलेले किंवा रानातून आणून एकटे ठेवलेले नर तो पंधरवडा पार करून पुढेही जगले. म्हणजे शरीर झिजून गेलेलं नव्हतं, त्याला खर्चाचा हुकूम मिळाला नाही इतकंच. झाड आणि जनावर इतकी लांबची असून प्रयोगाचं उत्तर एकच आलं, याचं मला अजूनही नवल वाटतं. मात्र डोंगरावरच्या कारवीची फुलं खुडून हा प्रयोग करू नकोस. सोयाबीन दर वर्षी पेरता येतं.

आता तिघांनाही एकेक काम.

ताई, मुलाला सांगा, पिंजरा, चाप, विष काहीही लावायचं नाही. क्वीन्सलँडमध्ये तिथले मूळचे सगळे सस्तन प्राणी कायद्याने संरक्षित आहेत, आणि आता घरात जी कुणी शिरेल ती गाभण मादी असण्याचीच शक्यता जास्त. दार उघडं ठेवून तिला बाहेर वाट द्या. मेलेले तिघे मागच्या झाडाखाली पुरा. पिल्लं आईपासून सुटायला उन्हाळा येईल. तोवर तिथे असलात तर अंगणातल्या ओंडक्यांवर संध्याकाळी लक्ष ठेवा आणि दिसली तर मला लिहा.

सांगलीच्या मुली, तुझ्या दहा झाडांची तारीखवार वही मला पाठव.

गुरुजी, तुमच्या भागात कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपलेली घरं अजून असतील, टोमॅटोच्या मांडवालाही कारव्या लागतात. त्यामुळे यंदाची वाळलेली काठी लोक तोडून नेणार, आणि ती नेलीही पाहिजे. फक्त गावात बोलून ठेवा, की शाळेमागचा एक उतार पहिला पाऊस होईपर्यंत तसाच राहू द्या. बोंडं तडकू द्या, मग तोडा. जूनमध्ये शाळा उघडली आणि पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर मुलांना घेऊन तिथे जा. बोलू नका म्हणावं, नुसतं ऐका. त्या चौथीतल्या मुलीला, तेव्हा ती पाचवीत गेलेली असेल, सगळ्यांत पुढे उभी करा.

मी पुढच्या बहराला, 2032 साली, पंच्याहत्तर वर्षांची असेन. गुडघे साथ देतील असं नाही. नातीला आत्तापासून सांगून ठेवलं आहे, की मला हात धरून कान्हेरीपर्यंत न्यायचं.